बारावी कॉइल

रविवार, २ मे १९७१. सायंकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. स्पीकर बारा.

मरोळ गावठाणातल्या क्रूसापुढे सुमारे तीनशे माणसे चटयांवर बसली होती. मे महिन्याच्या पहिल्या रविवारी क्रूसाचा सण साजरा करण्याची तिथली रीत, आणि संतांची नावे एकामागून एक घेत जाणारी लितानी म्हणण्याचा मान छत्तीस वर्षे एकाच माणसाकडे होता: झेवियर किणी. वय अठ्ठ्याहत्तर. आवाज अजून खणखणीत, पण माणसे वाढून आता रस्त्यापर्यंत बसू लागली होती. म्हणून त्या वर्षी गावठाणाने प्रथमच ध्वनिक्षेपकाची सोय केली.

सेट, म्हणजे आवाज मोठा करणारे यंत्र, चंद्रप्रकाश तावडे यांचा. मूळचे मालवणकडचे, आता साकीनाक्याला स्वतःचा कारखाना. त्यांचा नवा ट्रान्झिस्टर सेट एका हाताने उचलता येई, आणि त्याची त्यांना फार ऐट होती. स्पीकरची जोडणी झेवियरबाबांच्या मुलाने, गिल्बर्टने केली होती. गिल्बर्ट आणि तावडे माटुंग्याला तांत्रिक महाविद्यालयात एकाच बाकावर शिकलेले. गिल्बर्ट पंख्यांच्या कारखान्यात तपासनीस होता आणि सुटीच्या दिवशी घराच्या ओटीवर स्पीकर दुरुस्त करी. तीन उभ्या पेट्या, प्रत्येकीत चार स्पीकर. प्रत्येकाच्या पाठीवर त्याने खडूने एक ते बारा आकडे घातले होते.

झेवियरबाबा क्रूसाच्या पायरीवर उभे राहिले. पहिली तीन नावे रस्त्यापर्यंत स्वच्छ पोहोचली. चौथ्या नावाला पेट्यांतून धप् असा एकच आवाज आला, आणि त्यानंतर काही नाही.

"सेट बंद कर," गिल्बर्ट म्हणाला.

"कशाला? लाल दिवा जळतोय ना! सेट ठणठणीत आहे," तावडे म्हणाले. "तुझीच वायर कुठेतरी सुटलीय. चालूच राहू दे. हलवून बघ, जोड लागला की लगेच आवाज येईल."

हे ऐकायला इतके सरळ वाटले की गिल्बर्टही फसला. आवाज नाही म्हणजे वीज पोहोचत नाही, असे त्या क्षणी तिथल्या प्रत्येकाला वाटले, आणि शिकलेल्या माणसालाही वाटावे हेच त्यातले वाईट. पंचवीस मिनिटे तो वायर बोटांमधून सरकवत फिरला. पंचवीस मिनिटे झेवियरबाबा मेलेल्या मायक्रोफोनसमोर गळा ताणत राहिले. चौथ्या ओळीमागे काही पोहोचत नव्हते. मागच्यांना वाटले, प्रार्थना थांबली. ते गप्पा मारू लागले. बाबांना त्या गप्पा ऐकू येत होत्या. बाविसाव्या नावाशी त्यांचा आवाज फाटला.

मग तिसऱ्या पेटीतून धूर निघाला.

"जोडणी कोणाची?" तावडे सर्वांच्या देखत म्हणाले. "माझी नाही. माझ्या सेटचा दिवा अजून जळतोय, या आणि बघा! पाटीलमामा, तुम्हाला सांगितलं होतं, माझी माणसं आणतो. तुम्हाला घरचा माणूस पाहिजे होता. आता घ्या. आवाज वाढवून वाढवून बाराच्या बारा जाळले त्याने."

बॅप्टिस्ट पाटील हे गावठाणाचे सर्वांत वडीलधारे गृहस्थ. त्यांनी गिल्बर्टकडे पाहिले. गिल्बर्ट क्रूसाजवळ गेला, दगडावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाला, "माझ्या जोडणीत एकही चूक नाही."

तावडे सेट काखोटीला मारून निघून गेले. त्या सेटचे झाकण कोणी उघडले नाही.

पाटीलमामांनी निर्णय दिला तो असा: बारा स्पीकर गिल्बर्टने स्वतःच्या हाताने दुरुस्त करून द्यावेत. गावठाणाने त्याला नाव दिले ते असे: जाळ्या. विहिरीवर, बेकरीत, मासळी बाजारात. "जाळ्या आला, दिवे विझवा रे!" हे म्हणणाऱ्यांच्या मनात विष नव्हते, आणि म्हणूनच ते तीन वर्षे टिकले.

*

स्पीकर उघडायला बसला तेव्हा दुसऱ्याच कॉइलशी गिल्बर्टचे हात थांबले.

स्पीकरची रचना साधी असते. मागे लोहचुंबक, त्यात गोल, अरुंद फट. त्या फटीत कागदी नळीवर गुंडाळलेली बारीक तारेची कॉइल. नळीचे पुढचे टोक कागदाच्या कोनाला चिकटवलेले. कॉइलमधून वीज एका दिशेने गेली की कोन पुढे ढकलला जातो, उलट दिशेने गेली की मागे ओढला जातो. कॉइल फटीत असते तोवर भोवतीचे लोखंड तिची उष्णता शोषून घेते. जास्त आवाजाने जळालेली कॉइल पुढे-मागे हलत जळते. तिच्यावरचा काळेपणा दोन्ही टोकांना सारखा असतो.

या कॉइलचा फक्त पुढचा तिसरा हिस्सा काळा होता. मागचा भाग नव्यासारखा, तांबूस. म्हणजे ती जळाली तेव्हा हलत नव्हती. ती फटीबाहेर येऊन एका जागी उभी होती, आणि जो भाग लोखंडापासून सुटला तोच भाजला होता.

तिसरी तशीच. चौथी तशीच. अकराव्या कॉइलपर्यंत गिल्बर्टला सगळे कळले होते. तावड्यांच्या सेटमधला एक ट्रान्झिस्टर फुटला होता आणि बारा स्पीकरांत सरळ डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, घुसली होती. जुन्या सेटमध्ये शेवटी एक जड ट्रान्सफॉर्मर असे. त्यातून फक्त दिशा बदलत राहणारी एसी पलीकडे जाते, डीसी अडते. तावड्यांनी वजन कमी करण्यासाठी तो काढून टाकला होता आणि त्याच्या जागी काहीच ठेवले नव्हते. ना कपॅसिटर, ना फ्यूज.

मग त्याने बारावी कॉइल काढली. तिचा पुढचा भाग तांबूस होता. काळा होता तो मागचा.

गिल्बर्टने हात धुतले, भिंग पुसले आणि पुन्हा पाहिले. मग पेटीची जोडणी तपासली. बाराव्या स्पीकरच्या दोन तारा उलट लावलेल्या होत्या. त्याने स्वतःच लावल्या होत्या, पेटीच्या मागून हात घालून, घाईत. अशा चुकीने काही जळत नाही. शेजारचा कोन पुढे जातो तेव्हा हा मागे जातो, आवाज किंचित पडतो, इतकेच. पण त्याने क्रूसावर हात ठेवून तीनशे माणसांसमोर सांगितले होते की एकही चूक नाही.

अकरा कॉइल्स त्याने बायकोच्या, कॉन्सेप्टाच्या, बिस्किटांच्या डब्यात कापसावर मांडल्या. बारावी काड्यापेटीत घातली आणि काड्यापेटी वेगळी ठेवली.

त्या पावसाळ्यात बाबा खाटेला लागले. एका दुपारी त्यांनी विचारले, "गिल्बर्ट, खरं सांग. तूच जाळलेस ना ते?"

"नाही बाबा."

"मग कोणी?"

डबा दाखवता आला असता. पण छत्तीस वर्षे संतांची नावे मोजत आलेला माणूस अकरावर थांबला नसता. बारावी कुठे आहे, हे त्याने विचारले असते. गिल्बर्टने डबा दाखवला नाही.

"असू दे," बाबा म्हणाले. "पोराच्या हातून होतं असं."

जानेवारीत ते गेले. माफीचे ते चार शब्द गिल्बर्टच्या छातीत काट्यासारखे राहिले, आणि तो काटा काढायला त्याने तावड्यांचीच निवड केली. दुसऱ्या कोणाची निवड करायची तर आरशात बघावे लागले असते.

तीन वर्षे तो घाई न करता तयारी करत राहिला. घाटकोपरच्या एका मंडपवाल्याने तावड्यांचा नवा सेट दुरुस्तीला आणला, तेव्हा त्याने झाकण उघडले आणि स्पीकरच्या तारेवर बसवलेला छोटा काचेचा फ्यूज पाहिला. नाहूरच्या एका गृहस्थाचा जुना सेट आला; त्यात तो नव्हता. गिल्बर्टने दोन्ही सेटच्या पाठीवरचे आकडे वहीत टिपले. तावडे जिथे जातील तिथे वाटत, ते छापील पत्रकही त्याने मिळवले. 'वजन निम्मे, आवाज दुप्पट', आणि खाली क्रमांकानुसार ग्राहकांची नावे, पत्ते आणि विक्रीचा महिना.

"हे काय जपून ठेवता?" कॉन्सेप्टाने विचारले.

"तावड्याच्या हातची फासाची दोरी," गिल्बर्ट म्हणाला. "त्याच्याच मापाची."

*

रविवार, ५ मे १९७४. सकाळचे अकरा. गावठाणाने बांधलेल्या नव्या सभागृहात साठ-सत्तर माणसे चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपून आली होती. सभागृहात कायमचा सेट बसवायचा होता आणि तावडे स्वतः प्रात्यक्षिक द्यायला आले होते. टेबलावर नवा चकचकीत सेट, बाजूला एक उघडा स्पीकर, पत्रकांचा गठ्ठा. संध्याकाळी क्रूसाचा सण होता, त्यामुळे सगळे खुशीत होते.

"पाटीलमामा," गिल्बर्ट उठून म्हणाला, "मला पंधरा मिनिटं हवीत."

मागून कोणीतरी म्हणाले, "जाळ्या, लांबूनच बोल हां!" हशा पिकला. तावडेही हसले.

"ये ना गिल्बर्ट, ये. जुना दोस्त आहे आपला," ते म्हणाले. "तपासायचं असेल तर तपास."

गिल्बर्टने खिशातून टॉर्चचा एक सेल आणि दोन तारा काढल्या. उघड्या स्पीकरला तारा टेकवल्या. टक्. कागदाचा कोन पुढे आला आणि पुढेच राहिला.

"ऐकलंत?"

"टक् झालं," विनी म्हणाली. विनी शाळेत शिक्षिका होती आणि गावठाणाच्या समितीची चिटणीस. सभेत तिच्यापुढे नोंदवही असे. "पण आता गप्प आहे."

"गप्प आहे, पण वीज जातेय. आवाज म्हणजे हवेचं पुढे-मागे होणं. त्यासाठी कागद पुढे-मागे हलायला पाहिजे, म्हणून विजेलाही दिशा बदलत राहावी लागते. एसी म्हणजे तेच. सेलची वीज डीसी, एकाच दिशेची. ती कागदाला एकदा ढकलते आणि तिथेच धरून ठेवते. धरून ठेवलेला कागद गाणार नाही." त्याने तारा उलट केल्या. टक्. कोन आत ओढला गेला. "उलट लावली तर मागे धरून ठेवते."

"मग आत जाणारी वीज करते काय?" विनीने विचारले.

"कॉइल तापवते. या सेलने काही होणार नाही, हा गरीब आहे. पण तीस व्होल्ट असले, तर जेवढी गेली तेवढी सगळी भाजण्यात. आणि ऐकू काहीच येत नाही, म्हणून कोणी बंद करत नाही." गिल्बर्टने तावड्यांकडे पाहिले. "उलट म्हणतात, चालूच राहू दे."

गिल्बर्टने बिस्किटांचा डबा उघडला आणि अकरा कॉइल्स टेबलावर एका रांगेत मांडल्या. प्रत्येकीचा काळा हिस्सा पुढे, तांबूस हिस्सा मागे. पाटीलमामा चष्मा वर करून वाकले. गिल्बर्टने तीन वर्षांपूर्वीची सायंकाळ मिनिटामिनिटाने सांगितली, आवाज न चढवता, कारखान्यातला तपासणीचा अहवाल वाचावा तशी.

तावडे शांतपणे उठले. ते मूर्ख नव्हते.

"झालं तुझं? आता मी सांगतो. पाटीलमामा, या नळीचं पुढचं टोक कागदाला चिकटवलेलं असतं. कशाने? डिंकाने. डिंक आधी जळणार की तार? याने आवाज वाढवला, डिंक पेटला, म्हणून पुढचं टोक काळं. बारा काय, बाराशे जाळलेस तरी पुढूनच काळे होतील. यात एसी-डीसीचं काय आलं? उगाच शाळा घेतोय."

माना डोलल्या. कोणीतरी "बरोबर आहे" म्हणाले. पाटीलमामांनी चष्मा खाली केला. गिल्बर्टला हे उत्तर अपेक्षित नव्हते, आणि ते खोडून काढायला त्याच्या डब्यात काही नव्हते.

विनीने रांगेवरून पेन्सिल फिरवली. "अकराच आहेत रे गिल्बर्ट. बारावा कुठाय? प्रभूच्या बारा शिष्यांतही एक दगाबाज होताच म्हणा."

हशा झाला. गिल्बर्टचा हात शर्टाच्या खिशावर होता. काड्यापेटी तिथे होती. सकाळी घरून निघताना त्याने ती का उचलली, हे त्याने स्वतःला विचारले नव्हते. ती बाहेर काढली नाही तर तावडे हसत घरी जाणार, त्यांचा सेट या भिंतीवर बसणार, आणि गिल्बर्ट मरेपर्यंत जाळ्या. काढली तर तो क्रूसासमोर खोटे बोलला होता. त्याने तावड्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. त्या चेहऱ्यावर तेच होते जे तीन वर्षांपूर्वी सेट काखोटीला मारताना होते: काम आटोपल्याचे समाधान.

त्याने काड्यापेटी उघडली आणि बारावी कॉइल रांगेच्या शेवटी ठेवली. पुढून तांबूस. मागून काळी.

"ही बारावी. डिंक पुढे आहे, तो शाबूत आहे. जळालंय ते मागचं टोक. कारण बाराव्या स्पीकरच्या तारा मी उलट जोडल्या होत्या. माझी चूक. मी क्रूसावर हात ठेवून नाही म्हणालो होतो. ते खोटं होतं."

"ऐका!" तावडे जवळजवळ ओरडले. "स्वतःच कबूल करतोय! उलट जोडणी केली म्हणे!"

"उलट जोडणीने स्पीकर जळतो का तावडे? बाकावर शेजारी बसायचास, सांग सगळ्यांना."

तावड्यांनी पत्रकांचा गठ्ठा सरळ केला. पाटीलमामांनी विचारले, "जळतो का हो?"

"नाही जळत. पण..."

"नाही जळत," गिल्बर्ट म्हणाला. "फक्त वीज कुठल्या दिशेने गेली ते सांगतो. अकरा पुढे ढकलले गेले, एक मागे ओढला गेला, आणि पंचवीस मिनिटं बाराच्या बारा तिथेच उभे राहून भाजले. आवाजाने असं होत नाही. डीसीने होतं. आणि डीसी तुझ्या सेटमधून आली."

"माझ्या सेटमधून डीसी येऊच शकत नाही!" तावड्यांचा तोल आता सुटला होता. त्यांनी खिशातून स्क्रू-ड्रायव्हर काढला, चार स्क्रू भराभर सोडवले आणि झाकण उचलले. "हा बघा फ्यूज! स्पीकरच्या तारेवरच! ट्रान्झिस्टर गेला तर हा आधी उडणार. आहे दुसऱ्या कोणाच्या सेटमध्ये?"

गिल्बर्टने तीन वर्षे ज्या वाक्याची वाट पाहिली होती ते हे. तो अगदी हळू बोलला.

"छान आहे. कितव्या सेटपासून घालतोस?"

"बेचाळीसपासून प्रत्येक सेटमध्ये! लिहून देतो!"

"विनी," गिल्बर्ट म्हणाला, "एकाहत्तर सालच्या सेटचा नंबर तुझ्या वहीत असेल."

विनीने पाने उलटली. "दोन मे एकाहत्तर. सेट एक, क्रमांक सदतीस. पेट्या तीन." तिने वर पाहिले. "तावडेसाहेब, बेचाळिसाव्याला एकदम फ्यूज का सुचला हो? कधीची गोष्ट ही?"

तावडे झाकण हातात धरून उभे राहिले.

"जून एकाहत्तर," गिल्बर्टनेच उत्तर दिले. "बेचाळिसावा तेव्हा विकला, याच्याच पत्रकात छापलंय. आपल्या सणानंतर एक महिना. घरी जाऊन याने सदतीस नंबर उघडला, फुटलेला ट्रान्झिस्टर पाहिला आणि गुपचूप फ्यूज घातला. म्हणजे त्याला कळलं होतं. तेव्हापासून माहीत होतं."

"गिल्बर्ट, अरे, धंद्यात..." तावड्यांचा आवाज खाली आला. "तुला मी नंतर बोलावणारच होतो. ऐक ना यार, बाहेर जाऊन बोलू."

"माझा बाप मला माफ करून मेला, तावडे. तू जे केलंस त्याबद्दल मला माफ करून. आता बाहेर जाऊन काय बोलायचं?"

पाटीलमामा उठले. त्यांनी झाकण तावड्यांच्या हातातून घेतले, सेटवर ठेवले आणि सेट दाराच्या दिशेने सरकवला. मग ते गिल्बर्टकडे वळले. "तू क्रूसावर खोटं बोललास. त्याचं बघू आपण. संध्याकाळी लितानी तू म्हणायचीस. बिनास्पीकरची. रस्त्यापर्यंत गेली पाहिजे."

ती गेली. बाविसाव्या नावाशी त्याचाही आवाज फाटला. त्याने ते नाव पुन्हा घेतले.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी गिल्बर्ट ओटीवर पोस्टकार्डांचा गठ्ठा घेऊन बसला. शेजारी तावड्यांचे पत्रक होते. क्रमांक एक ते एकेचाळीस. त्यातला सदतीस तावड्यांचा स्वतःचा. उरले चाळीस. प्रत्येक कार्डावर एकच मजकूर: 'आपल्या सेटमध्ये फ्यूज नाही. कारखानदारांना हे जून १९७१ पासून ठाऊक आहे. सेट बिघडल्यास आवाज बंद होईल आणि स्पीकर जळत राहतील. सेट परत करावा.' खाली सही आणि पूर्ण पत्ता.

कॉन्सेप्टाने चहा ठेवला. तिने एक कार्ड उचलून वाचले.

"अहो, काल झालं ना सगळं? गावाला कळलं. अजून काय पाहिजे?"

"चाळीस जणांचे स्पीकर वाचतील."

"माझ्याकडे बघून सांगा. स्पीकरसाठी लिहिताय हे?"

गिल्बर्टने तिसाव्या कार्डावरची शाई टिपकागदाने टिपली.

"नाही," तो म्हणाला. "रागासाठी. स्पीकर वाचतात ते वरकड."

थोड्या वेळाने तिने लिहून झालेली कार्डे जुळवली, मोजली आणि पोस्टात टाकायला पदराखाली घेऊन निघाली.

पाठवलेली पोस्टकार्डे चाळीस. डिसेंबर १९७४ अखेर साकीनाक्याच्या कारखान्यात परत आलेले सेट: अडतीस.